मताधिकार ‘काढून घेणे’ की ‘बुडवणे’?

शब्दयात्री: अमेरिकेच्या इतिहासावरील एका लेखाचे भाषांतर करताना ‘डिसफ्रँचाइजमेंट’ या शब्दापाशी अडलो आहे. ‘मताधिकार काढून घेणे’ असे सहज लिहिता येते, परंतु संदर्भ मिसिसिपी या राज्याच्या स्वतःच्या 1890 च्या राज्यघटनेचा आहे. वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास अमेरिकेच्या 1870 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मनाई केलेली असल्यामुळे त्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचे नाव न घेता अटी घातल्या. मतदाराने दोन डॉलर कर भरावा, आणि राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचावे किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगावा. तो अर्थ पटला की नाही, हे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने ठरवावे. ‘काढून घेतला’ असे लिहिले, तर तसा उघड हुकूम निघाला होता असा वाचकाचा समज होईल. या प्रकाराला नेमका शब्द कोणता?

जुनी पोथी: ‘मताधिकारच्युती’. पदच्युत, राज्यच्युत हे शब्द रुळलेले आहेत, त्याच घडणीचा हा शब्द आहे आणि इतिहासलेखनात तो शोभेल.

रानवाट: मला हा शब्द खटकतो. ‘च्युत’ म्हणजे ढळलेला, गळून पडलेला. मिसिसिपीतील मतदारांचा हक्क पिकल्या फळासारखा आपोआप गळला नव्हता. पाडणारा ज्या शब्दात दिसत नाही, तो इथे अन्याय करणारा ठरेल.

जुनी पोथी: राजाला ‘पदच्युत केले’ असे आपण म्हणतो, तेव्हा करणारा स्पष्ट असतो. धातूचा मूळ अर्थ आजच्या वापरावर लादू नये. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या जुन्या फ्रेंच ‘फ्रँक’चा अर्थ ‘मुक्त’ असा आहे, म्हणून कोणी तेथे ‘गुलाम करणे’ असे भाषांतर करत नाही. शिवाय 1832 च्या सुधारणा कायद्याने इंग्लंडमध्ये ओल्ड सारमसारख्या ओसाड मतदारसंघांचे प्रतिनिधित्व रद्द केले, त्यालाही हाच इंग्रजी शब्द वापरतात, आणि त्यात अन्याय मुळीच नव्हता.

कलमदान: कायद्याच्या मराठीत ‘निरर्हता’, ‘अनर्हता’ आणि ‘अपात्रता’ हे शब्द आहेत, पण ते सरसकट वापरू नयेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 च्या कलम 16 नुसार अपात्र व्यक्तीचे नाव मतदार यादीतच येत नाही. याउलट 1951 च्या अधिनियमातील कलम 62(5) नुसार तुरुंगातील व्यक्तीला मत देता येत नाही, तरी यादीत नाव असल्यास ती मतदार राहतेच. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील व्यक्तीला तर ही मनाईही लागू नाही. तिसरा प्रकार महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील भाषणांवरून बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क 1999 मध्ये सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. तेथे ‘काढून घेणे’ अचूक आहे, कारण तसा आदेश निघाला होता.

माळावरची: त्या वेळी आमच्या गावात ‘साहेबांचे मत बंद केले’ असेच म्हणत असत. आणि 2014 च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात अनेकांची नावे यादीत सापडली नाहीत, त्यांत माझी आत्याही होती. ‘माझे नाव उडाले आणि मत बुडाले’ असे ती म्हणाली. मजुरी बुडते, पैसे बुडतात, तसे मत बुडते. आणि दुसऱ्याने मुद्दाम केले, तर तो ‘हक्क बुडवतो’. त्यासाठी हुकूम लागत नाही, आणि बुडवणाराही लपत नाही. मूळ प्रश्नाला हा शब्द का चालू नये?

जुनी पोथी: बोलीत चालेल, परंतु इतिहासग्रंथात ‘बुडवणे’ उथळ वाटते. त्यातच ‘हक्क’ हा अरबी शब्द. ‘मताधिकार’ हा स्वच्छ शब्द हाताशी असताना तो कशासाठी हवा?

माळावरची: ‘हक्काचे घर’ म्हणणाऱ्या माणसाला तो शब्द परका वाटत नाही. ‘अधिकार’ म्हटले की मला अधिकारी आठवतो, म्हणजे वरून मिळालेली सत्ता. ‘हक्क’ माणसाचा स्वतःचा असतो. अरबीत त्याचा अर्थ ‘सत्य’ असाही आहे, आणि तो अर्थ मला येथे मोलाचा वाटतो.

कलमदान: भावना समजते, पण भेद इतका सरळ नाही. आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ आहेत, आणि निवडणुकांच्या चर्चेत ‘प्रौढ मताधिकार’ही रुळलेला आहे. दोन्ही शब्द शेजारी नांदत आले आहेत.

रानवाट: मग ‘प्रौढ मताधिकार’ येण्यापूर्वीच्या माणसांचे काय? ब्रिटिश सरकारच्या 1919 च्या कायद्यानुसार मत देण्यासाठी जमीनमहसूल, कर अशा अटी होत्या, आणि त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. ज्यांना हक्क मिळालाच नव्हता, त्यांच्या बाबतीत ‘बुडवला’ म्हणता येईल का?

माळावरची: येईल. वाटणीत ज्याला कधीच हिस्सा दिला नाही, त्याचाही हक्क बुडवला असेच आपण म्हणतो.

जुनी पोथी: वाटणीत हिस्सा आधीपासून ठरलेला असतो. 1919 मध्ये तो कायद्याने ठरलेला नव्हता, त्यामुळे मी ‘मताधिकारवंचित’ लिहीन.