एचपी५ प्लस १६०० ला पुश: नाटकातले चेहरे चुन्यासारखे का येताहेत? (मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

विंगेतला

प्रायोगिक नाटकाच्या रंगीत तालमीचे फोटो काढायचे आहेत. फ्लॅश चालणार नाही, ट्रायपॉडला जागा नाही. निकॉन एफएम२, ५० मिमी एफ १.८, इलफर्ड एचपी५ प्लस (४०० वेगाची कृष्णधवल फिल्म). पहिला रोल पुश केला, म्हणजे फिल्म १६०० वेगाची धरून काढला आणि जास्त वेळ देऊन घरीच धुतला: आयडी-११ डेव्हलपर स्टॉक (आणखी पाणी न मिसळता), १४ मिनिटं, पॅटरसनची टाकी. मीटर कॅमेऱ्यातलाच, व्ह्यूफाइंडरमधला गोल दिवा लागेल तसं एक्स्पोजर. डेव्हलपर खोलीच्या तापमानाला होता, २७ अंश. टाकी जवळजवळ सतत हलवत होतो, कारण पुश म्हणजे जास्त हलवायचं असं कुठेतरी वाचलं होतं.

निगेटिव्हवर चेहरे ठार काळे, स्कॅनमध्ये चुना फासल्यासारखे. मागचा काळा पडदा मात्र निगेटिव्हवर कोरा. काठावरची अक्षरं जाड आणि पसरट. फिल्मच्या भोकांपासून आतल्या बाजूला काळसर पट्टे. दाणा ज्वारीएवढा. दोन रोल शिल्लक आहेत. मायक्रोफेन हे डेव्हलपर घेतलं तर सुधारेल का?

साडेसात मिनिटं

मायक्रोफेन घ्या, पण तुमच्या रोलची वाट आयडी-११ ने लावलेली नाही. १४ मिनिटं हा १६०० साठीचा इलफर्डचा आकडा बरोबर आहे, फक्त तो २० अंशांचा आहे. इलफर्डचंच उदाहरण घ्या: २० अंशांना ४ मिनिटं लागत असतील तर २३ ला ३ पुरतात. म्हणजे तीन अंशांमागे वेळ पाऊणपट. त्या हिशेबाने २७ अंशांना सातेक मिनिटांत काम झालं असतं. तुम्ही दुप्पट शिजवलंत.

पुरावा काठावरच आहे. ती अक्षरं आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच छापलेले असतात, तुमच्या मीटरचा त्यांच्याशी संबंध नाही. त्यामुळे ती फक्त डेव्हलपिंगबद्दल बोलतात. अक्षरं फिकट, चित्रही फिकट: डेव्हलपिंग कमी. अक्षरं ठीक, चित्र फिकट: एक्स्पोजर कमी. पुश केलेल्या रोलवर ती नेहमीपेक्षा गडद असणारच, पण कडा पसरून अक्षर फुगलं की समजायचं, फारच झालं.

दुसरी चूक मीटरिंगची. एफएम२ चा मीटर मधल्या वर्तुळाला ६० टक्के वजन देतो आणि उरलेल्या चौकटीला ४०. मागे काळा पडदा, मध्ये एक उजळलेला नट, तोही वर्तुळाच्या चौथ्या हिश्शात. मीटर पडद्याला करडं करायला बघतो आणि चेहऱ्याला दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त देतो. म्हणजे तुम्ही डायलवर १६०० ठेवलंत तरी चेहरे प्रत्यक्षात ४०० लाच काढलेत, आणि वर दुप्पट डेव्हलप केलेत. चुना येणारच.

मग काय करायचं? लाइट लावून बघत असतील तेव्हा रंगमंचावर जा, नट उभा राहील तिथे तळहात दिव्याकडे करून धरा आणि फ्रेम पूर्ण तळहाताने भरून रीडिंग घ्या. आपली सावली हातावर पडू देऊ नका. तळहात करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून एरवी एक स्टॉप उघडतात. पुशमध्ये अर्धाच उघडा, कारण उजळ भाग टाकीत आणखी वर चढणार आहे. रीडिंग १/१२५ ला एफ २.८ आलं तर लेन्सचं ॲपर्चरचं कडं २.८ आणि २ च्या मध्ये ठेवायचं. प्रत्येक प्रकाशयोजनेसाठी असा एकेक आकडा चिठ्ठीवर लिहा आणि नाटक सुरू झालं की मीटरकडे बघूच नका.

दिव्यावर लाल जेल (रंगीत पारदर्शक कागद) असेल तर आणखी एक स्टॉप द्या. एचपी५ ची संवेदनशीलता खोल लाल रंगाशी येऊन संपते, मीटरचा सिलिकॉन सेल मात्र त्याच्या पलीकडेही बघतो. त्याला भरपूर उजेड वाटतो, फिल्मला वाटत नाही.

आणि पुशकडून अपेक्षा काय ठेवायची तेही एकदा ठरवा. फिल्मचा वेग वाढत नाही. ज्या दाण्यांवर प्रकाश पोचलाच नाही ते वीस मिनिटं बुडवले तरी काळे होत नाहीत. जास्त वेळ दिल्याने मधले आणि उजळ भाग घट्ट होतात, सावल्या जागच्या जागी राहतात, त्यामुळे कॉन्ट्रास्ट वाढतो. काळा पडदा कोरा आला यात बिघडलं काही नाही, नाटकात तो काळाच हवा. पण काळ्या शर्टाची घडी हवी असेल तर ती १६०० ला मिळणार नाही, ८०० वर या.

पट्ट्यांचं कारण सतत हलवणं. द्रव भोकांतून जोराने घुसतो आणि तिथे ताजा डेव्हलपर जास्त पोचतो. सुरुवातीला १० सेकंदांत ४ वेळा उलटी करा, मग दर मिनिटाला १० सेकंदांत ४ वेळा. प्रत्येक वेळी टाकी ओट्यावर हलकी आपटा, म्हणजे बुडबुडे सुटतील. बुडबुडा चिकटून राहिला तर निगेटिव्हवर गोल कोरा ठिपका आणि प्रिंटवर काळा. पुशसाठी वाढवायची ती वेळ, हलवणं नव्हे.

बोरॅक्स

वरच्याशी सहमत. आकडे एका जागी देतो, सगळे एचपी५ प्लस आणि २० अंश.

आयडी-११ स्टॉक: ४०० ला ७.३० मिनिटं, ८०० ला १०.३०, १६०० ला १४.
मायक्रोफेन स्टॉक: ४०० ला ६.३०, ८०० ला ८, १६०० ला ११, ३२०० ला १६.
डीडी-एक्स १+४ (एक भाग डेव्हलपर, चार भाग पाणी): ४०० ला ९, ८०० ला १०, १६०० ला १३, ३२०० ला २०.

मायक्रोफेनचा फायदा वेळ वाचण्यात नाही. त्यात आयडी-११ मधल्या मेटॉलऐवजी फेनिडोन आहे, त्यामुळे सावल्यांमध्ये खरोखर थोडी भर पडते. अर्धा स्टॉप धरा, त्याहून जास्त नाही. ३२०० चा आकडा तक्त्यात आहे म्हणून वापरायलाच हवा असं नाही.

मायक्रोफेन मिळालं नाही तर आयडी-६८ घरी करता येतं, त्याच जातीचं आहे. ७५० मिली पाणी ५० अंशांवर घ्या आणि याच क्रमाने एकेक पूर्ण विरघळवत जा: निर्जल सोडियम सल्फाइट ८५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स ७, बोरिक ॲसिड २, पोटॅशियम ब्रोमाइड १, फेनिडोन ०.१३ ग्रॅम. मग थंड पाण्याने १ लिटर पुरं करा. सल्फाइट निर्जलच हवं. स्फटिकी असेल तर निम्मं वजन पाण्याचंच असतं.

खरी अडचण ०.१३ ग्रॅमची. दागिन्यांचा दोन दशांशांचा काटा तिथे भरवशाचा नाही. म्हणून १ ग्रॅम फेनिडोन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून एकूण १०० मिली करा आणि त्यातलं १३ मिली सिरिंजने घाला. फेनिडोन पाण्यात तसंही नाखुशीनेच विरघळतं, तोही प्रश्न सुटतो. हातमोजे घाला, भुकटी हुंगू नका, आणि हे अल्कोहोल गॅसच्या शेगडीजवळ नको. इलफर्डच्या मायक्रोफेनची वेळ घेऊन सुरुवात करा, पण आधी तुकडा धुऊन बघा.

कातरवेळ

एवढा खटाटोप कशाला? रोडिनल डेव्हलपर १+१००, एक तास, टाकी न हलवता ठेवून द्या. ४०० असो की १६००, सगळं निघतं. तापमानाचीही कटकट नाही.

साडेसात मिनिटं

"निघतं" म्हणजे काहीतरी दिसतं, एवढंच. रोडिनल सावल्यांमधला वेग उलट कमी करतं आणि दाणा झाकत नाही, म्हणजे इथे हवं त्याच्या नेमकं विरुद्ध. शिवाय टाकी तासभर न हलवल्याने डेव्हलपिंगमध्ये सुटलेलं ब्रोमाइड खाली ओघळतं आणि घट्ट भागांच्या खाली फिके ओघळ पडतात. काळ्या पडद्यासमोरच्या चेहऱ्याखाली तो ओघळ लपणार नाही. प्रमाणही बघा: ३५ मिमीच्या एका रोलला टाकीत २९० मिली लागतं, १+१०० ला त्यात रोडिनल तीन मिलीही भरत नाही. एकाच रोलवर वेगवेगळे आकडे झालेत आणि काही करून वाचवायचंय, तेव्हा ही पद्धत ठीक.

कातरवेळ

तीन मिलीचं मान्य. मी मोठ्या टाकीत ५०० मिली घेतो, म्हणून जाणवलं नसेल. ओघळांचं मात्र फिल्मगणिक बदलतं असं म्हणेन.

विंगेतला

सगळं कळलं. दोन शंका. खोलीत ३२ अंश असताना २० वर ठेवायचं कसं? आणि "तुकडा धुऊन" म्हणजे नेमकं काय?

साडेसात मिनिटं

२० च्या मागे लागूच नका. बत्तीस अंशांच्या खोलीत २० वर आणलेलं द्रावण मधेच दोन अंश चढतं. २३ वर काम करा: मायक्रोफेन ११ चं सव्वाआठ मिनिटं, आयडी-११ चं १४ चं साडेदहा. घमेल्यात पाणी घ्या, त्यात पिशवीत बांधलेला बर्फ सोडा, आणि डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर, धुण्याचं पाणी अशा सगळ्या बाटल्या अर्धा तास आधी त्यात उभ्या करा. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो पातळ होतो. टाकी हलवून झाली की दर वेळी परत घमेल्यात. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही २३ च्या आसपासच हवं. २३ च्या डेव्हलपरमधून थेट नळाच्या तापलेल्या पाण्यात गेलं तर जिलेटिनला जाळीसारख्या सुरकुत्या पडू शकतात, आणि तो दोष लोक दाण्याच्या माथी मारतात.

बोरॅक्स

तुकड्याचं असं. रोलच्या सुरुवातीला एकाच प्रकाशातल्या, एकाच एक्स्पोजरच्या सहा फ्रेम काढा, मग दोन-तीन कोऱ्या सोडा, झाकण लावून. फ्रेम ते फ्रेम अंतर ३८ मिमी, म्हणजे सहा फ्रेमचे २३ सेंमीच्या आसपास. रोल गुंडाळताना जीभ, म्हणजे फिल्मचं सुरुवातीचं टोक, बाहेर राहू द्या. चेंजिंग बॅगेत जिभेपासून पहिल्या फ्रेमपर्यंतचा भाग धरून एकूण ४५ सेंमी बाहेर ओढा आणि कापा. अंधारात मोजायला बॅगेत त्याच लांबीची पुठ्ठ्याची पट्टी ठेवा. एखादी फ्रेम मधोमध कापली गेली तरी बिघडत नाही, पाच उरतात.

तुकडा सव्वाआठ मिनिटं धुवा. चेहऱ्याच्या सगळ्यात उजळ भागातून, म्हणजे कपाळ आणि नाकाच्या शेंड्यातून, खाली ठेवलेल्या छापील कागदावरची अक्षरं अंधुक वाचता आली पाहिजेत. आली नाहीत तर उरलेल्या रोलची वेळ पंधरा टक्क्यांनी कमी करा, सात मिनिटांवर या. अक्षरं स्पष्ट दिसली आणि चेहरा पातळ वाटला तर दहा टक्के वाढवा. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका. डेव्हलपर ओततानाच्या सेकंदांचा फरक आकाशासारख्या सपाट भागात ठिगळं पाडतो. नाटकात आकाश नसलं तरी सायक्लोरामा (रंगमंचामागचा सपाट पडदा) असतोच.

आणि मायक्रोफेनचं तेच लिटर परत वापरणार असाल तर दर रोलमागे दहा टक्के वेळ वाढवायची. तुकडासुद्धा त्याच लिटरमध्ये धुतला असेल तर तोही थोडा मोजा.