"देव मला का नेत नाही" असं केअर होममधल्या आजी विचारतात, काय बोलायचं?

पाऊलवाट:
नमस्कार, जरा मोकळेपणी विचारते. आमच्या चर्चच्या मंडळीतले आम्ही काहीजण दर आठवड्याला एका केअर होममध्ये जातो, कुणाला बायबल वाचून दाखवायचं, कुणासोबत प्रार्थना, आणि बऱ्याच जणांजवळ नुसतं बसायचं. पाळकांनी सुरुवातीलाच बजावलंय की तिथे प्रचार करायचा नाही, आणि मला ते पटतं. पण एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या, अंथरुणाला खिळलेल्या पण बुद्धी एकदम शाबूत. माझा हात धरून दरवेळी विचारतात, "सगळे गेले, मलाच का ठेवलंय, देव मला का नेत नाही?" "देवाची काहीतरी योजना असेल" हे तोंडाशी येतं पण त्यांच्याकडे बघितलं की बोलवत नाही. दुसरे एक आजोबा आहेत डिमेन्शियाचे, त्यांना मी कोण हेच आठवत नाही, तर तिथे वाचन-प्रार्थनेचा काही उपयोग होतो का? आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी प्रार्थना करावी का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

सांजवेळ:
ताई, ते योजनेचं वाक्य गिळलंत ते चांगलंच केलंत. ज्या माणसाला कूस बदलायला पण दुसऱ्याची मदत लागते त्याला आपण उभ्या-उभ्या योजना सांगायची हे मला कधीच पटलेलं नाही. बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय काढून बघा. एलीयासारखा संदेष्टा, कर्मेल डोंगरावरून जिंकून आलेला, आणि रानात झुडपाखाली बसून म्हणतो की आता पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला रागवत नाही की समजावत बसत नाही. दूत येऊन हात लावून उठवतो, भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन परत झोपतो, दूत परत येतो आणि परत खायला देतो. बोलणं सगळं नंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. म्हणजे मरण मागणाऱ्या माणसाला देवाने आधी जेवू घातलं आणि झोपू दिलं, हे मी नव्या व्हॉलंटिअरना नेहमी वाचायला लावते.

आजी "सगळे गेले" म्हणतात ना, मग विचारा की सगळे म्हणजे कोण कोण हो आजी? आमच्याकडे एक आजी होत्या त्या बोटांवर मोजत एकेक नाव घ्यायच्या, नवरा, दोन बहिणी, मुलगा, आणि करंगळीवर आल्या की थांबायच्या. खूप दिवसांनी कळलं की ते जन्मल्यावर लगेच गेलेलं बाळ होतं, त्याचं नाव ठेवलं होतं पण त्या नावाने कुणी कधी हाकच मारली नव्हती. त्या दिवशी आम्ही ते नाव घेऊन प्रार्थना केली, बाकी काही नाही. म्हातारपणी माणूस मागचं मागचं काढतो याला घरचे लोक "तेच तेच सांगतात" म्हणून कंटाळतात, पण रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की ही आयुष्याची उजळणी त्या वयात होणं अगदी स्वाभाविक आहे. आणि आजींना आवडणार असेल तर स्तोत्र ७१ वाचा, म्हातारपणी मला टाकू नकोस म्हणून देवाला विनवणाऱ्याचं स्तोत्र आहे ते.

रात्रपाळी:
मी नर्स आहे, केअर होममध्येच काम करते, म्हणून वेगळ्या बाजूने सांगते. "देव नेत नाही" हे पुष्कळ आजी-आजोबा म्हणतात आणि बहुतेकदा तो थकवा असतो. पण त्यांनी जेवण सोडलं, गोळ्या उशीखाली ठेवायला लागल्या, किंवा स्वतःला काही करून घेण्याचं बोलल्या तर त्याच दिवशी इनचार्जला सांगायचं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. म्हातारपणातलं डिप्रेशन औषधाने सुधारतं, आणि कधी कधी खरं कारण नीट न आवरलेलं दुखणं असतं. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण) काढलं, त्या 'टोटल पेन' म्हणायच्या, म्हणजे शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं. त्यामुळे तुमचं काम आणि आमचं काम वेगळं काढताच येत नाही.

आजोबांबद्दल: "ओळखलंत का मला?" हे विचारूच नका, ती परीक्षा होते आणि नापास झाल्याचं त्यांना कळतं. स्वतःच नाव सांगायचं, टीव्ही बंद करायला सांगायचा, ऐकायचं मशीन कानात आहे आणि चालू आहे ना बघायचं, समोर डोळ्यांच्या पातळीत बसायचं. लहानपणी ज्या भाषेत, ज्या जुन्या शब्दांत प्रार्थना शिकले असतील तीच म्हणा, नवीन भाषांतर नको. आमच्याकडे एकजण दिवसभरात धड एक वाक्य बोलत नाहीत, पण गीत सुरू झालं की ओठ हलतात, दुसरं कडवं गाणाऱ्याच्या आधी सुरू करतात आणि चाल चुकली तर कपाळाला आठ्या घालतात 🙂 चेहरे-नावं पुसली गेली तरी पाठ झालेली गाणी बराच काळ टिकतात, त्यामुळे उपयोग होतो का हा प्रश्नच सोडा.

अजून एक, प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी) देताना आधी स्टाफला विचारा. स्ट्रोक, पार्किन्सन, डिमेन्शिया यात गिळायला त्रास होतो, भाकरीचा छोटा तुकडा पण ठसक्याने श्वासनळीत जाऊ शकतो.

नदीकाठ:
मी ख्रिस्ती नाही, माझी आई अशाच एका ठिकाणी होती. एक व्हॉलंटिअर तिला न विचारता डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करून गेले, आणि ती पॅरालिसिसने पडलेली, नको म्हणणार कशी? तुम्हा-आम्हाला उठून जाता येतं, तिला येत नव्हतं, एवढं एकच डोक्यात ठेवा. नंतर एक बाई यायच्या त्या दारातच विचारायच्या की आज बसू का. आईने एकदा मान हलवून नको सांगितलं तर हसून "बरं, पुढच्या वेळी" म्हणून गेल्या. तेव्हापासून आई त्यांची वाट बघायची. त्यांनी तिला तिच्याच धर्माचं पुस्तक वाचून दाखवलं, अडखळत, पण दाखवलं. मला त्याचं आजही अप्रूप वाटतं.

सांजवेळ:
नदीकाठ, अगदी बरोबर, हे आमच्या लोकांना ट्रेनिंगमध्ये सांगायला हवं. ख्रिस्ती नसलेल्या माणसाने स्वतःहून प्रार्थना मागितली तर जरूर करा, पण "कशासाठी करू?" हे आधी विचारा आणि त्यांनी सांगितलं तेवढंच मागा. कॅथलिक कुणी असतील तर आजाऱ्याचा तेलाने अभिषेक फादरच करू शकतात, तो निरोप वेळेत पोचवायचं काम मात्र आपलं.

आणि ताई, तुमच्या आजींसाठी एक गोष्ट करून बघा. बायबलमध्ये लूकच्या दुसऱ्या अध्यायातली हन्ना आठवा, ८४ वर्षांची विधवा, मंदिर न सोडता रात्रंदिवस प्रार्थना करणारी. आजींना "आजी, माझ्यासाठी प्रार्थना कराल का?" असं विचारा. त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी फुटकळ सांगू नका, खरंच जे अडलंय ते सांगा, म्हाताऱ्या माणसाला खोटं लगेच कळतं. आणि पुढच्या आठवड्यात गेलात की त्याचं काय झालं ते न विसरता सांगा, तेवढं जमणार नसेल तर विचारूच नका.