वडापावच्या नावाने पावती फाडू नका
बरेच जण म्हणतात की तिशीतल्या पुरुषांना पिंपल्स येतात ते तेलकट खाण्यामुळेच, पण नुसत्या वडापावच्या नावाने पावती फाडू नका राव, आधी जिममधला व्हे प्रोटीनचा डबा बघा, त्याने काही जणांचे पिंपल्स वाढू शकतात, आणि ट्रेनरने गुपचूप टोचलेली स्टिरॉइड्स असतील तर छाती-पाठसुद्धा पिंपल्सनी भरते. दुसरं म्हणजे केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरं करणारी ट्यूब, त्यात बऱ्याचदा बीटामेथासोन नाहीतर क्लोबेटासोल असतं, म्हणजे तगडं स्टिरॉइडच, सुरुवातीला चेहरा मस्त दिसतो मग बंद केली की दुप्पट फुटतं (दादर काय नि डोंबिवली काय, सर्रास चालतं हे). आणि मुंबईच्या दमट हवेत पाठीवर एकसारखे बारीक, खाजणारे दाणे असतील तर ती बुरशीपण असू शकते, तिथे पिंपल्सचं क्रीम चोळून काही होत नाही, सरळ स्किनवाल्या डॉक्टरला दाखवा.