सिकलसेल तपासणीत लॅब टेक्निशियनचं काम काय? कोर्स कोणता करावा?

धानोरावाला: लहान बहीण बारावी सायन्स झाली, बायोलॉजी आहे. नर्सिंग नको म्हणते, लॅबमध्ये जायचंय. आमच्याकडं सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) तपासण्या सतत चालू असतात. त्यात टेक्निशियनला नेमकं काय करावं लागतं? डीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) बरं की बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी)?

ब्रह्मपुरीकर: मार्क असतील तर बीपीएमटीच, भाऊ. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी आहे, तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप. मेडिकल कॉलेजात हाताखालून नमुने भरपूर जातात, खरा फायदा तोच. डीएमएलटी करायचं तर फी भरायच्या आधी संलग्नता आणि पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी मिळते का, हे कागदावर पाहा. नाहीतर सर्टिफिकेट भरतीच्या कागदपत्र तपासणीत अडकतं.

लॅबताई: शिबिरात होते ती सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन (एचबीएस) द्रावणात विरघळत नाही यावरची चाचणी. २ मिली रिएजंट (तपासणीचं रसायन), त्यात २० मायक्रोलिटर रक्त, हलवून ५ मिनिटं ठेवायचं, मग ट्यूबमागं रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणानं झाकल्या तर पॉझिटिव्ह.

टेस्ट सोपी, पण फसवते. रिएजंटमधला डायथायोनाइट हा घटक हवेनं आणि उष्णतेनं खराब होतं. मे महिन्यात आइसपॅकशिवाय डबा गाडीवर नेला की पॉझिटिव्ह रक्तही निगेटिव्ह दिसू शकतं. म्हणून काम सुरू करताना माहीत असलेला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना आधी लावायचा, रोज. फ्रीजमधलं थंडगार रिएजंटही तसंच वापरू नये, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्यायचं; आपल्याकडच्या बायांमध्ये हे नेहमीचंच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही टेस्ट लावूच नये, एचबीएफ (बाळाचं जन्मावेळचं हिमोग्लोबिन) जास्त असल्यानं निकाल चुकतो.

वर्धेकर: ताईंच्या म्हणण्यात भर. पॉझिटिव्ह आलं म्हणून तिथंच ‘सिकलसेल आहे’ असं सांगायचं नाही. या टेस्टनं एएस (फक्त वाहक) की एसएस (आजारी) ते कळत नाही. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये (यात रक्त गोठत नाही) नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीला पाठवायचा; या तपासण्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवतात. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं का, हे विचारून फॉर्मवर लिहायचंच. चढवलेल्या रक्तातलं एचबीए (नेहमीचं हिमोग्लोबिन) मिसळलं की एसएस रुग्ण एएस वाटू शकतो. वाहकात एचबीए हे एचबीएसपेक्षा जास्त असतं. रक्त न चढवताही उलटं दिसलं तर सोबत बीटा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) आहे का, ते बघावं लागतं.

या रिपोर्टवर सोयरिकी ठरतात आणि मोडतात. ट्यूबवरचा नंबर आणि यादीतलं नाव त्या माणसासमोरच जुळवायचं.

धानोरावाला: एचपीएलसी शिकताना हाताळायला मिळतं का?

ब्रह्मपुरीकर: कॉलेजात मशीन चालू असेल तर. प्रवेशाआधी पॅथॉलॉजी विभागात जाऊन विचारा.