चार मेंढे एकत्र सोडले की टकरी थांबत नाहीत, शिंग मोडले आहे. काय करावे?

माळरान२१
दोन माडग्याळ जातीचे बिनशिंगी मेंढे, ५५ किलोच्या आसपास, दोन वर्षांपासून एकाच वाड्यात आहेत. त्यांत एक शिंगाळ दख्खनी जातीचा मेंढा आणि बाजारातून आणलेला दोनदाती (नुकतेच पुढचे दोन पक्के दात आलेला तरुण) माडग्याळ मिसळायचा आहे. परवा चौघांना मोठ्या वाड्यात सोडले. पंधरा मिनिटांत दख्खनीचे डावे शिंग बुडापासून मोडले, भळाभळा रक्त गेले. दोनदातीचे कपाळ फुटले, ती जखम आज ओली आहे आणि वास मारते. मेंढ्या ७० आहेत, पाऊस पडला की माजावर येतील. पायांना दोर बांधून एकत्र ठेवले तर चालेल का?

पशुवैद्यक_माणदेश
मिसळायचे नंतर बघू, आधी ती कपाळाची जखम. ओली जखम, घाण वास आणि मेंढा सारखे डोके झटकत असेल तर आसडी (जखमेत अळ्या) पडली असे धरूनच चाला. माशी अंडी घालते आणि १२ ते २४ तासांत अळ्या निघतात, म्हणजे परवाच्या जखमेत त्या आत शिरल्या असणार. वरून खपली दिसते, खाली पोकळ झालेले असते. जखमेच्या कडेपासून चारही बाजूंना दोन-दोन इंच लोकर कातरा, मगच खरी जखम दिसेल. अळ्या चिमट्याने काढा. काढलेल्या अळ्या तिथेच जमिनीवर टाकू नका, मिठाच्या कडक पाण्यात किंवा रॉकेलमध्ये बुडवा. मातीत गेल्या की कोष करून त्यांच्या माश्या होतात.

मांडी-पाठीवरच्या जखमेत टर्पेंटाइनचा बोळा चार-पाच मिनिटे ठेवला तर अळ्या वर येतात. पण कपाळावर तो वापरू नका, ओघळ डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते. तिथे चिमटा आणि आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन: १ टक्क्याचे औषध ५० किलोला १ मिली, फक्त कातडीखाली. लेबलावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत तो मेंढा कापायला विकू नका. नंतर जखम मीठ-पाण्याने (उकळून गार केलेले एक लिटर पाणी, ९ ग्रॅम मीठ) धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा आणि कडेच्या लोकरीवर माशी न बसण्याचा स्प्रे मारा. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा उघडून बघा, पहिल्या खेपेला सगळ्या अळ्या कधीच निघत नाहीत.

शिंगाची गोष्ट वेगळी. मोठ्या मेंढ्याच्या शिंगाच्या आतले हाड पोकळ असते आणि ती पोकळी कपाळातल्या हवेच्या कप्प्याला जोडलेली असते. बुडापाशी मोडले म्हणजे थेट डोक्यात खिडकी उघडली. म्हणून त्यात हळद, चुना, राख, खोबरेल काहीही भरू नका, धुवायला पाणीही ओतू नका. सगळे आत जाऊन कप्प्यात पू होतो. मग त्याच बाजूच्या नाकपुडीतून घट्ट शेंबूड येतो आणि मेंढा डोके एका बाजूला कलते धरतो. निर्जंतुक गॉज आयोडीनमध्ये भिजवून घट्ट पिळा, भोकावर ठेवा, वर कापूस, आणि शाबूत शिंगाला आठाच्या आकारात वेढे देऊन पट्टी बांधा. २४ तासांनी बदला, पुढे दर दोन-तीन दिवसांनी. भोक भरायला महिना-दीड महिना लागू शकतो. तोवर उंच गव्हाणीतला कडबा किंवा भुसा देऊ नका, कस्पटे वरून आत पडतात. चारा जमिनीलगतच्या टोपलीत द्या.

दोघांनाही धनुर्वाताचे इंजेक्शन आणि दुखण्यावर मेलॉक्सिकॅम डॉक्टरांकडून द्या. घरातले डायक्लोफिनॅक टोचू नका. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, ते जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडे मरतात. डॉक्टर जवळ नसतील तर १९६२ ला फोन करा, फिरते पथक येते.

आणखी एक. टकरीनंतर मेंढा मान खाली घालून भिंतीला डोके लावून उभा राहिला, झोकांड्या देत असेल किंवा दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील तर मेंदूला मार आहे. त्याला तोंडातून काहीही पाजू नका, औषध फुप्फुसात जाते. सावलीत छातीवर बसता करा, दोन्ही बाजूंना पोती लावा. गोल गोल फिरतो म्हणजे टकरीचाच मार असेही समजू नका. हळूहळू वाढत गेलेले फिरणे असेल तर मेंदूतली पाण्याची गाठ असू शकते. ती कुत्र्यांच्या पट्टकृमीमुळे होते, म्हणून खांडीबरोबरच्या कुत्र्यांनाही वेळच्या वेळी जंताचे औषध द्या.

वाघर_काठी
डॉक्टरांनी सांगितलेले झाल्यावर, जखमा भरल्या की मग मिसळा. मेंढ्याचा जोर शिंगात नसतो, मागे सरून घेतलेल्या धावेत असतो. दहा-पंधरा पावले मागे गेला, मान खाली घातली आणि आला की समोरच्याची मान मोडते. ती धाव काढून घ्या, टकरीचे नुसते ढोसणे होते. तुम्ही मोठ्या वाड्यात सोडलेत, म्हणजे पळायला रान दिलेत.

चौघांना ६ बाय ७ फुटांचा कोंडवाडा करा, म्हणजे एकाला साधारण १० चौरस फूट. अंगाला अंग लागले पाहिजे. जागा चौघांनाही नवी हवी. जुन्यांच्या वाड्यात नवा ढकलला तर दोघे मिळून त्याला कोपऱ्यात धरतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, चौघांना एकदमच आत घ्या. २४ ते ४८ तास ठेवा. पाणी दोन कोपऱ्यांत, चारा थोडा आणि पसरून. दर दोन-तीन तासांनी बघा, कारण एखादा खाली बसला तर बाकीचे तुडवतात. उन्हाळ्यात पत्र्याखाली हे करू नका, गुदमरतात.

आत घेण्याआधी चौघांच्याही नाकावर, कपाळावर आणि शेपटीच्या बुडाला एकच उग्र वासाचे काही चोळा. शेंगदाणा तेलात थोडे निलगिरी तेल घातले तरी पुरे, डोळे सांभाळा. मेंढा मेंढ्याला वासावरून ओळखतो, वास एक झाला की परका कोण ते लवकर कळत नाही. लोकर कातरल्यावर जुने सोबतीसुद्धा का भांडतात त्याचे कारणही हेच, रूप आणि वास दोन्ही बदलतात. कातरणीनंतर एक रात्र पुन्हा कोंडवाडा करावा.

तिसऱ्या दिवशी १० बाय १० मध्ये सोडा आणि मध्ये पाच-सहा जुने टायर आडवेतिडवे टाका. सरळ वाट राहिली नाही पाहिजे. टायरला खालून भोके पाडा, नाहीतर पावसात पाणी साचून डास होतात. आठवडाभर शांत राहिले की मोठा वाडा. त्यानंतर कुणालाही तासा-दोन तासांसाठीसुद्धा बाहेर काढून परत सोडू नका, मान-मरातब पुन्हा पहिल्यापासून ठरतो. आजारी पडला तर जाळीपलीकडे, पण नजरेसमोर ठेवा.

बाजारातला मेंढा खरे तर आधी २१ दिवस वेगळा ठेवायला हवा होता, पीपीआर (मेंढ्या-शेळ्यांचा साथीचा विषाणू रोग) आणि खुरांचे रोग त्याच वाटेने येतात.

जत_पट्टा
वाघरदादांशी सहमत, फक्त एक जोड. शिंगाळ आणि बिनशिंगी एका वाड्यात ठेवूच नयेत असे माझे ठाम मत आहे. शिंगाची कड बिनशिंग्याच्या कपाळावर, डोळ्याजवळ बसते. दख्खनीचे मोडलेले शिंग भरले तरी त्याला वेगळाच ठेवा, सोबतीला एक खच्ची केलेला मेंढा द्या. एकटा ठेवला तर ओरडून ओरडून खात नाही.

दोराबद्दल: नायलॉनचा दोर अजिबात नको, खुराच्या वरची कातडी कापतो. बांधायचेच तर दोन इंच रुंद सुती पट्टा, पुढच्या दोन पायांत, मध्ये एक फूट मोकळे. चालता येते, धावता येत नाही. पण लांडगा-कुत्रा आला तर तो पळू शकत नाही, म्हणून चरायला नेताना आणि रात्री उघड्यावर पट्टा काढलाच पाहिजे. त्यापेक्षा कपाळावरून डोळ्यांपुढे लोंबणारी जाड कॅनव्हासची झडप बरी. खालचे आणि बाजूचे दिसते, समोरचे नेम धरण्यापुरते दिसत नाही. दोन दिवसांआड झडप उचलून खाली घासले आहे का बघा.

आणि ७० मेंढ्यांना चार मेंढे कशाला? २५ ते ३० ला एक, म्हणजे तीन भरपूर. राहिलेली नर कोकरे पैदाशीला नको असतील तर दोन-तीन महिन्यांची असतानाच डॉक्टरांकडून बर्डिझो चिमट्याने (न कापता अंडाच्या नसा दाबून) खच्ची करून घ्या.

माळरान२१
आसडीच होती, २० च्या वर अळ्या निघाल्या. सगळ्यांचे आभार. दोनदातीची अंडपिशवी डाव्या बाजूला सुजली आहे, हात लावला की लाथ मारतो. खातो-पितो व्यवस्थित. यंदा वापरता येईल का?

पशुवैद्यक_माणदेश
कुशीत शिरलेल्या धडकेने पिशवीत रक्त साकळते. पहिल्या दोन दिवसांत थंड पाण्यात भिजवलेले फडके १०-१० मिनिटे, दिवसातून तीनदा. गरम शेक नको, आणि सुई घालून रक्त काढू नका, पू होतो. उष्णतेने आणि सुजेने तयार होत असलेले बीज बिघडते, आणि मेंढ्यात बीज नव्याने तयार होऊन बाहेर यायला सुमारे ६० दिवस लागतात. म्हणजे सूज पूर्ण उतरल्यापासून दोन महिने तो खांडीत नको. तो चढेल, पण मेंढ्या रिकाम्या राहतील आणि ते तुम्हाला हंगाम गेल्यावर कळेल. दोन महिन्यांनी दोन्ही अंड हाताने चाचपा. दोन्ही सारख्या आकाराची, घट्ट पण दगडासारखी कडक नसलेली आणि पिशवीत सहज सरकणारी हवीत. एक लहान, कडक किंवा चिकटलेले लागले तर बीजाची तपासणी करून घेतल्याशिवाय त्याला मेंढ्यांवर सोडू नका. यंदा दोन जुने माडग्याळ आळीपाळीने सोडा, एक रात्री आणि एक दिवसा. ७० जणी दोघांना थोड्या जास्त आहेत, म्हणून मोकळ्या वेळात दोघांनाही रोज ३०० ते ४०० ग्रॅम खुराक आणि सावली द्या.