आठ घरांची भाड्याची इमारत विकायची आहे: आधी काय करावे आणि किंमत कशी काढावी?

प्रश्न

माझ्या मालकीची तीन मजली, आठ घरांची एक छोटी इमारत आहे. एकोणीस वर्षांपूर्वी ती मी कर्ज काढून घेतली आणि तेव्हापासून तिची व्यवस्था स्वतःच पाहत आलो आहे. म्हणजे भाडे गोळा करणे, गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक बदलणे, रात्री अकरा वाजता कोणाच्या तरी न्हाणीघरातले तुंबलेले पाणी काढायला माणूस शोधणे, हे सर्व. आता गुडघे जिना चढू देत नाहीत आणि मुलांना या कामात रस नाही, म्हणून इमारत एखाद्या गुंतवणूकदाराला विकावी असे ठरवले आहे.

सध्या सहा घरांत भाडेकरू आहेत. त्यांपैकी दोन कुटुंबे बारा वर्षांपासून राहत असून त्यांचे भाडे आजच्या दरापेक्षा बरेच कमी आहे. ते वेळेवर भाडे देतात, कटकट करत नाहीत, म्हणून वाढीचा विषय मी कधी काढलाच नाही. सातव्या घरात माझा भाचा राहतो. त्याच्याकडून मी भाडे घेत नाही. आठवे घर दोन महिन्यांपासून रिकामे आहे. कर्जाचे अजून चार वर्षांचे हप्ते बाकी आहेत.

एका दलालाचे म्हणणे असे की, बाहेरून रंग द्यावा, जिन्याला नवी फरशी बसवावी आणि मगच इमारत दाखवावी. दुसरा म्हणतो, आहे तशी विका. शेजारच्या इमारतीत सुटी घरे ज्या किमतीला गेली तिला आठाने गुणून मी माझा आकडा काढला होता, परंतु तो ऐकून दोन्ही दलाल हसले. माझी चूक नेमकी कुठे होत आहे? आणि रिकामे घर भरावे की घेणाऱ्यासाठी मोकळे ठेवावे?

पहिले उत्तर

भाड्याच्या मालमत्तांचे हिशेब पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे किमतीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपला आकडा वेगळ्याच गिऱ्हाइकाचा आहे. राहण्यासाठी घर घेणारा माणूस स्वयंपाकघरात उजेड किती येतो ते पाहतो. भाड्यासाठी अख्खी इमारत घेणारा आपली हिशेबाची वही पाहतो. त्याला वर्षाकाठी हातात किती उरेल ते कळले की बाकीचे गणित तो मनातल्या मनात करतो.

ते गणित असे. इमारतीचे वर्षाचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्या भागात अशा मालमत्तेवर चालू असलेल्या परताव्याच्या दराने त्याला भागायचे. हा दर कोणी वरून ठरवून देत नाही. अलीकडे विकल्या गेलेल्या तशाच भाड्याच्या इमारतींचे निव्वळ उत्पन्न आणि त्यांची विक्रीची किंमत यांच्या प्रमाणातून तो निघतो. दर ८ टक्के असेल तर निव्वळ उत्पन्नातील प्रत्येक रुपयामागे किंमत साडेबारा रुपयांनी वाढते किंवा घटते. दर ७ वरून ८ वर गेला, तर उत्पन्न तेवढेच राहूनही किंमत साडेबारा टक्क्यांनी खाली येते. म्हणूनच एका वर्षी मिळालेला भाव पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही, मग इमारतीची एक वीटही न हलो.

आता निव्वळ उत्पन्नाकडे वळू, कारण बहुतेक मालक इथेच स्वतःची फसगत करून घेतात. समजा आठही घरे आजच्या दराने भरलेली असता वर्षाचे भाडे १०० येते. आपण मालमत्ता कर, विमा, जिन्यातील वीज, पाण्याचे बिल, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती मिळून २८ वजा कराल आणि ७२ उरले म्हणाल. घेणारा मात्र त्यातून आणखी ५ वजा करील, कारण घर बदलताना ते काही दिवस रिकामे राहतेच. व्यवस्थापनाचे ७ वजा करील, कारण रात्री अकरा वाजता माणूस शोधण्याचे काम आपण फुकट केलेत, तो पगार देऊन करून घेणार आहे. गच्ची, पंप, नळवाहिन्या यांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव म्हणून तो आणखी ५ बाजूला काढील. (काही जण ही राखीव रक्कम निव्वळ उत्पन्नाच्या खाली वेगळी दाखवतात, पण कुठेही दाखवली तरी घेणारा ती धरतोच.) उरले ५५. आता ८ टक्क्यांच्या दराने ७२ ची किंमत ९०० होते आणि ५५ ची ६८७.५. म्हणजे जवळजवळ पाव किंमत केवळ वही लिहिण्याच्या पद्धतीत अडकलेली असते. शिवाय हे उदाहरण पूर्ण भाड्याचे झाले. आपल्याकडे एक घर रिकामे, एक बिनभाड्याचे आणि दोन कमी भाड्याची आहेत.

कर्जाचा हप्ता, घसारा (इमारत जुनी होत जाते म्हणून हिशेबात दरवर्षी धरलेली तिच्या किमतीतील घट) आणि आपला प्राप्तिकर या गोष्टी मात्र या वजावटीत आणू नयेत. त्या मालकाच्या परिस्थितीप्रमाणे बदलतात. इमारतीच्या कमाईशी त्यांचा संबंध नाही.

रिकामे घर भरावे, हे माझे स्पष्ट मत आहे. आजच्या दराने आलेला, नीट चौकशी करून ठेवलेला एक भाडेकरू हा त्या दराचा आपल्या हातातील सर्वांत ताजा पुरावा असतो. भाच्याच्या बाबतीत दोनपैकी एक करावे: त्याच्याशी रीतसर करार करून भाडे सुरू करावे किंवा ताबा देण्यापूर्वी तो घर सोडील असे लेखी घ्यावे. ‘आपलाच माणूस आहे, होईल’ हे वाक्य घेणाऱ्याच्या कानाला अजिबात गोड लागत नाही.

जुन्या दोन कुटुंबांचे भाडे, करार आणि कायदा जेवढी परवानगी देईल तेवढेच, हळूहळू वाढवावे. विक्रीच्या तोंडावर मोठी वाढ मागून ती दोन्ही घरे रिकामी झाली, तर वाढलेले भाडे कागदावर राहील आणि वही आणखी वाईट दिसेल.

दुसरे उत्तर

मी घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो. आपल्या इमारतीसारख्या तीन छोट्या इमारती मी आजवर घेतल्या आहेत आणि एक घेता घेता सोडली आहे. ती सोडलेली सांगितली म्हणजे रंगाच्या प्रश्नाचे उत्तर मिळेल.

पाहायला गेलो तेव्हा सगळीकडे जुना, मळका रंग होता. फक्त वरच्या मजल्यावरील एका खोलीचे छत पांढरेशुभ्र होते. खुर्चीवर चढून पाहिले तर खिडकीकडच्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग फुगलेला होता. नखाने टोकरताच रंगाचा पापुद्रा निघाला आणि मागचा गिलावा ओल्या मातीसारखा बोटाला लागला. गळती काही भयंकर नव्हती. मालकाने आधी सांगितले असते, तर दुरुस्तीचा अंदाज घेऊन तेवढी रक्कम वजा करून आम्ही पुढे गेलो असतो. परंतु त्यानंतर त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक पावतीकडे मी त्या छताच्या नजरेने पाहू लागलो आणि अखेर इसार दिलाच नाही. तेव्हा रंगावर आणि फरशीवर खर्च करू नये. हलणारा कठडा, उघड्या तारा, गळका पाइप, न चालणारा पंप यांवर मात्र अवश्य करावा, कारण ही कामे तपासणीत निघाली की घेणारा त्यांच्या खऱ्या खर्चाच्या दुप्पट रक्कम किमतीतून कापून मागतो. मी स्वतः मागितली आहे.

पहिल्या भेटीतच मी एक तक्ता मागतो: घराचा क्रमांक, सध्याचे भाडे, करार संपण्याची तारीख, अनामत रक्कम, थकबाकी. त्यासोबत मागील तीन वर्षांचा खर्च, बिलांसह. नंतर प्रत्येक भाडेकरूच्या सहीचे एक पानी निवेदन मागतो, ज्यात तो आपले भाडे किती, अनामत किती, आगाऊ काही दिले आहे का आणि मालकाने तोंडी काही कबूल केले आहे का, हे स्वतः लिहून देतो. हा हट्ट वाटेल. पण माझ्या पहिल्या खरेदीत ताबा मिळाल्यावर एका भाडेकरूने शांतपणे सांगितले की, त्याने तीन महिन्यांचे भाडे आधीच्या मालकाला आगाऊ दिले होते. पावतीही दाखवली. ते तीन महिने मी बिनभाड्याचे काढले.

अनामत रकमेचा विचार आजच करावा. ती आपली कमाई नाही, भाडेकरूचे देणे आहे. ताबा देताना ती घेणाऱ्याच्या हवाली करावी लागते किंवा किमतीतून वळती होते, आणि ती खर्च करून बसलेल्या मालकाला शेवटच्या दिवशी घाम फुटतो. भाड्याची वाटणीही दिवसावर होते: तीस दिवसांच्या महिन्यात १२ तारखेला ताबा दिला आणि तो दिवस घेणाऱ्याचा धरला, तर ११ दिवसांचे भाडे आपले आणि १९ दिवसांचे त्याचे. हे करारात आधीच लिहून ठेवावे.

आणखी एक बाब. घेणारा बहुधा कर्ज काढूनच घेणार. निव्वळ उत्पन्न वर्षाच्या हप्त्यांच्या सव्वापट तरी असावे अशी अट कर्ज देणाऱ्या संस्था अनेकदा घालतात. निव्वळ उत्पन्न ५५ असेल, तर वर्षाचे हप्ते ४४ च्या पुढे जाऊन चालत नाही. अशा वेळी आपण कितीही ताणून धरले, तरी घेणाऱ्याला तेवढे कर्जच मिळत नाही आणि व्यवहार तिथेच थांबतो.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु आठाने गुणण्याची कल्पना हसण्यावारी नेऊ नये असे मला वाटते. प्रत्येक घराची स्वतंत्र मालकी कायद्याने करता येत असेल, तर सुटी घरे विकून एकूण रक्कम अधिक येऊ शकते, कारण मग गिऱ्हाईक राहणारे असते. अडचण वेळेची आणि शेवटाची आहे. स्वतंत्र कागद तयार करण्याचा खर्च आपला, आठ वेळा दलाली आपली, भाडेकरू असलेले घर राहायला येणाऱ्याला नको असते, आणि पाच घरे विकून झाल्यावर उरलेल्या तीन घरांसाठी गच्चीच्या खर्चात आपला वाटा चालूच राहतो. गुडघे दुखत असलेल्या माणसाला मी हा मार्ग सुचवणार नाही. चाळिशीतल्या मालकाला कदाचित सुचवला असता.

कराबाबत एवढेच सांगतो की, विक्रीची किंमत ठरवण्याआधी सल्लागाराकडे जावे, नंतर नव्हे. इमारतीवर वर्षानुवर्षे घसारा वजा घेतला असेल, तर अनेक करपद्धतींत तेवढी मूळ किंमत कमी धरली जाते आणि नफा आपल्या समजुतीपेक्षा मोठा निघतो. उलट, गच्चीचे जलरोधक काम किंवा नव्या नळवाहिन्या यांसारखा भांडवली खर्च मूळ किमतीत मिळवता येत असेल, तर त्याची बिले लागतात. एकोणीस वर्षांपूर्वीची बिले शोधायला आजपासून सुरुवात करावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून हिशेब मांडला. माझ्या श्रमाचे मोल मी कधी धरलेच नव्हते, हे लिहिताना थोडे विचित्र वाटले. गच्चीच्या कामाचे बिल जुन्या विमापत्रात घडी करून ठेवलेले सापडले. नळवाहिन्यांचे मात्र सापडत नाही. बारा वर्षांपूर्वीच्या दोन्ही भाडेकरूंच्या अनामतीची पावती माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे की नाही हेही ठाऊक नाही. भाच्याशी बोललो; तो दिवाणखान्यातल्या भिंतीकडे पाहत म्हणाला, ‘मामा, करारच करू या.’ भाडेकरूंना विक्रीची गोष्ट कधी सांगावी, एवढे कळले तर बरे होईल.

पहिल्या उत्तरकर्त्याचा प्रतिसाद

पहिला घेणारा दारात येण्यापूर्वी सांगावी. परक्या माणसाने कुलपे, मीटर आणि छत तपासताना भाडेकरूला प्रथम कळले, तर त्याच दिवशी तो दुसरे घर शोधू लागतो. प्रत्येकाकडे स्वतः जाऊन सांगावे की, मालक बदलणार आहे. मात्र चालू करार आणि अनामत नव्या मालकाकडे तशीच पुढे जाईल की नाही, हे आपल्याकडील कायद्याप्रमाणे आधी तपासून मगच शब्द द्यावा. त्याच भेटीत त्या दोन कुटुंबांच्या अनामतीचा आकडा विचारून दोघांच्या सहीने कागदावर घ्यावा. आज तो आकडा ते आठवून खरा सांगतील, विक्रीची बातमी पसरल्यावर तोच वाढलेला असू शकतो.

कर्जाच्या बाबतीत, मुदतीपूर्वी फेड केल्यास काही आकार लागतो का आणि शिल्लक नेमकी किती, याचे लेखी पत्र कर्जदात्याकडून आताच मागवावे. ते पत्र ठरावीक तारखेपर्यंतच ग्राह्य असते, त्यामुळे ताब्याची तारीख ठरल्यावर ते पुन्हा मागवावे लागेल. नळवाहिन्यांचे बिल मिळाले नाही, तर ज्या खात्यातून पैसे दिले त्याचा त्या वर्षीचा उतारा मागून पाहावा.