स्टँडजवळचं मोबाईलचं दुकान: नव्या फोनचं काउंटर ठेवू की काढू?

बार्शीचा दुकानदार:

नमस्कार मंडळी. बार्शीत एसटी स्टँडच्या रस्त्याला 2006 पासून माझं मोबाईलचं दुकान आहे. गाळ्याचा अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतोय आणि मालक चौदाचे अठरा हजार मागतोय. नवे हँडसेट बंद करून नुसत्या रिपेरिंगवर आणि ॲक्सेसरीजवर दुकान निघतं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं ही विनंती.

सुरुवात केली तेव्हा नोकिया 1100 चे दिवस. सिमकार्डाला गर्दी, दहाच्या टॉपअपला गर्दी. शंभराच्या रिचार्जमागं तीनेक रुपये सुटायचे, पण त्या निमित्तानं दिवसाला दीड-दोनशे माणूस काउंटरवर यायचं, आणि त्यातलं कुणी कव्हर, कुणी हेडफोन, कुणी फोनच घेऊन जायचं. 2014 ला मोटो जी फक्त फ्लिपकार्टवर आला. “तो आमच्याकडं मिळत नाही,” असं गिऱ्हाइकाला सांगायची ती माझी पहिली वेळ. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं. दोन वर्षांत एअरसेल बंद पडली, व्होडाफोन-आयडिया एक झाल्या, आणि हळूहळू लोक आपापल्या फोनवरूनच रिचार्ज मारायला लागले. दुकान त्या गर्दीच्या जिवावर चाललं होतं हे तोवर ध्यानातच आलं नव्हतं.

आता हिशोब. 12,999 च्या फोनची डीपी, म्हणजे डीलरचा खरेदी भाव, मला 12,560 पडते. राहिले 439. गिऱ्हाइकानं क्रेडिट कार्ड घासलं की त्यातले अडीचशेच्या आसपास मशीनचे गेले. वर स्क्रीनवरची टेम्पर्ड काच फुकट मागतात, आणि नाही म्हणवत नाही. महिन्याला वीस-बावीस फोन जातात, म्हणजे कार्डाचं धरलं नाही तरी नऊ-साडेनऊ हजारच. तेवढा तर पोराचा पगार आहे. लाइट अडीच हजार, भाडं वेगळं. एखाद्या मॉडेलची किंमत उतरली की शोकेसमधल्या मालाचा फरक क्रेडिट नोटनं, म्हणजे कंपनीच्या परताव्याच्या चिठ्ठीनं, चार-पाच महिन्यांनी हातात पडतो, तोवर भांडवल अडकून.

दुसरी गोष्ट जास्त मनाला लागलीय. मागच्या गुरुवारी वैरागकडचे एक आजोबा आले. पिशवीत खोकं, नातवानं पुण्याहून ऑनलाइन मागवून दिलेला फोन. खिशातनं जुना बटणाचा फोन काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, “ह्यातली माणसं ह्यात घाल.” 143 नंबर होते. काही सिममध्ये, काही फोनमध्ये. केबल लावली तर ओळखेना, मग ब्लूटूथनं एकेक पाठवला. ‘दूध’, ‘डाक्टर’, ‘थोरली’, ‘मोटर वायंडिंग’. अक्षर मोठं केलं, रिंग मोठी केली, फोन कसा उचलायचा ते चारदा करून घेतलं. पाऊण तास गेला. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं बघून परत गेली. आजोबांनी वीसची नोट पुढं केली, मी घेतली नाही. नंबर टाकायचे पैसे आजवर कधी घेतले नाहीत, कारण फोन आपणच विकलेला असायचा. आता फोन दुसरीकडचा आणि काम माझ्याकडं. ह्याचे पैसे कसे मागायचे? मला तोंड उघडवत नाही.

रिपेरिंगवाला, इचलकरंजी:

दादा, मी 2021 ला नवे फोन बंद केले. पहिले चार महिने जड गेले. शोकेस रिकामी दिसली की लोकांना दुकान उठल्यासारखं वाटतं, म्हणून तिथं भिंतभर कव्हर लावा. कमाई डिस्प्ले, बॅटरी आणि चार्जिंग पिनवर आहे. कॉम्बो (डिस्प्ले आणि टच एकत्र) ओरिजिनल की कॉपी ते बिलावर लिहून द्या, नंतरची निम्मी भांडणं वाचतात.

जुने फोन घेणार असाल तर बिल आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेतल्याशिवाय हात लावू नका. *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. चोरीचा निघाला तर पोलीस ठाण्याच्या चकरा आपल्याला. जीएसटी नंबर असेल तर सीएला मार्जिन स्कीमचं विचारा, जुन्या फोनला खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर बसतो.

माजी सेल्समन, सोलापूर:

आठ वर्षं डिस्ट्रिब्युटरकडं होतो. 1 एप्रिल 2020 ला मोबाईलचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला, तेव्हा तेवढाच माल भरायला छोट्या दुकानदाराला जास्त पैसे घालावे लागले. कित्येकांनी शोकेस तेव्हाच अर्धी केली. 2024 ला दक्षिणेतल्या मोठ्या दुकानांच्या संघटनेनं मार्जिन कमी म्हणून 1 मेपासून वनप्लस विकणार नाही असं कंपनीला कळवलं. साखळी दुकानांची ही गत, तर एका गाळ्यावाल्याचं कोण ऐकणार?

तरी नवे फोन साफ काढू नका. हप्त्यावर घेणारं गिऱ्हाईक अजून दुकानातच येतं, त्याला समोर बसून कागद करून देणारा माणूस लागतो. बारा हजारांखालचे चार मॉडेल ठेवा, बाकी ऑर्डर आली की मागवा.

माहेर बार्शी:

दादा, मी त्या नातवासारखीच. नऊशे रुपये वाचले म्हणून बाबांना ऑनलाइन फोन पाठवला. दोन दिवस व्हिडिओ कॉलवर समजावत होते, शेवटी बाबा कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळं करून आले. दुकानदारानं एक रुपयाही घेतला नाही हे ऐकून मला फार अपराधी वाटलं. दीडशे मागितले असते तरी लगेच पाठवले असते. बोर्ड लावा. म्हाताऱ्या माणसाकडून घेववत नसेल तर त्यांच्याच फोनवरून मुलाला, नातवाला कॉल लावा आणि यूपीआय सांगा.

बार्शीचा दुकानदार:

सगळ्यांचे आभार. शेवटचा उपाय मला सुचलाच नसता, ताई.

अठरा हजारांचा करार करत नाही. मागच्या बोळात अर्धा गाळा आठ हजारांना मिळतोय, तिथं एक शोकेस आणि रिपेरिंगचं टेबल बसेल. चार मॉडेल ठेवतो. बोर्ड रंगवायला दिला: ‘जुन्या फोनमधले नंबर, फोटो नव्या फोनमध्ये घालून मिळतील, 100 रुपये.’ पेंटरनं विचारलं, खाली ‘फोन कुठूनही घेतलेला चालेल’ असं लिहू का? थोडा वेळ गेला, पण लिही म्हणालो.

इचलकरंजीकर, डिस्प्ले सोडवायचं हीटिंगचं मशीन जुनं मिळतंय. घेऊ, की त्यात नवंच बरं?